प्रिटी लिटल लायर्स: रोझवूडच्या पोरींपैकी कोण मनात बसलं, कोण डोक्यात गेलं? (शेवटासकट चर्चा)

रानजाई

शेवट आधी कळलेला चालत नसेल तर पुढे वाचू नका. 'ए' कोण, कोणाला कोणी मारलं, सगळं खाली येणार आहे.

मालिका ८ जून २०१० ला सुरू झाली आणि २७ जून २०१७ ला संपली. सात सिझन, १६० भाग. लेकीची दहावीची परीक्षा संपली आणि सुट्टीत तिने ही लावली. मी आधी स्वयंपाकघरातून येता-जाता बघायचे, मग तिच्या शेजारी ठाण मांडूनच बसायला लागले. आमच्याकडे या पोरींवरून जेवढे वाद झाले तेवढे निवडणुकीवरूनही होत नाहीत. म्हणून हा धागा.

न बघितलेल्यांसाठी थोडक्यात. पेनसिल्व्हेनियातलं रोझवूड नावाचं काल्पनिक गाव, पाच मैत्रिणी. त्यांची म्होरकी ॲलिसन एका रात्री गायब होते. वर्षभराने तिच्या जुन्या घराच्या आवारात मृतदेह सापडतो. उरलेल्या चौघींना, म्हणजे एरिया, स्पेन्सर, हॅना आणि एमिलीला, 'ए' या सहीने मेसेज यायला लागतात. फक्त ॲलिसनला ठाऊक असलेली गुपितं या 'ए'ला ठाऊक असतात.

आता माझं मत. जो तो 'ए कोण' यावर बोलतो. मला पडलेला प्रश्न असा की 'ए'चं चालतं कशाच्या जोरावर? हातात फोन आणि चार मुलींची गुपितं, एवढंच भांडवल. पुढचं सगळं काम त्या मुलींची भीती करते. घरी कळलं तर काय होईल, या एका धास्तीवर अख्खी मालिका उभी आहे. त्यामुळे मी प्रत्येक पात्राकडे त्याच नजरेने बघते: हिला घरी बोलता आलं का, आणि बोलल्यावर घरच्यांनी काय केलं?

या हिशेबात एमिली माझी सगळ्यात लाडकी. तिचं मायावर प्रेम आहे, 'ए'कडे दोघींचे फोटो आहेत. एमिली शेवटी घरी सांगून टाकते, आधी वडिलांना. आई पॅम हादरते, नको ते बोलते. मायाच्या बॅगेत गांजा सापडल्यावर तिच्या आईवडिलांना कळवते आणि मायाची गावातून रवानगी होते. पॅमचा मला तेव्हा संताप आला होता. पण पुढे पोहण्याच्या टीममधल्या पेजचे वडील आरोप करतात की समलिंगी असल्यामुळे एमिलीला झुकतं माप मिळतंय, तेव्हा हीच पॅम लेकीच्या बाजूने ठाम उभी राहते. मतं एका रात्रीत बदलत नाहीत, पण लेक आपली आहे हे तिला त्या क्षणी पक्कं कळलेलं असतं. त्यानंतर 'ए'च्या हातातल्या त्या गुपिताला कवडीची किंमत उरत नाही.

हॅनाचं उलटं. तिच्या घरात पैशाची ओढाताण आहे, बाबा सोडून गेलेत. आई बँकेत काम करते आणि एका म्हाताऱ्या बाईच्या लॉकरमधले पैसे उचलते. ते लपवते कुठे, तर लझान्याच्या खोक्यात! 'ए' ते खोकं पळवतं आणि मग हॅनाला पैसे परत मिळवण्यासाठी एकेक कामं सांगितली जातात. त्यातलं एक काम म्हणजे डुकराच्या तोंडाचे कपकेक, सगळे, एका बैठकीत संपवायचे. ही तीच मुलगी जिला ॲलिसन 'जाडी हॅना' म्हणायची आणि जिला खाऊन उलटी काढायचा मार्गही ॲलिसननेच दाखवला होता. तो प्रसंग बघताना माझी लेक उठून आत गेली. मालिकेत खून पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यात क्रूर ते कपकेक वाटतात.

स्पेन्सर आपल्याकडच्या कुठल्याही हुशार मुलीसारखी. आईवडील वकील, मोठी बहीण मेलिसा सगळ्यात पुढे. स्पेन्सर बहिणीचा जुना निबंध स्वतःच्या नावावर खपवते आणि तो थेट मोठ्या पारितोषिकाच्या यादीत जाऊन बसतो. चौथ्या सिझनमध्ये जागं राहण्यासाठी गोळ्या सुरू होतात आणि सुटता सुटत नाहीत. बारावी-जेईईच्या वर्षातलं घर ज्यांनी बघितलंय त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही.

एरियाबद्दल नंतर लिहीन, तिच्या त्या एझ्रासरांबद्दल डोकं शांत ठेवून लिहायला हवं. तुम्ही सांगा, कोण आवडलं, कोण नाही?

मुळाकाठ

एमिलीला माझंही मत. तिच्या वडिलांबद्दल थोडं जास्त लिहायला हवं होतंत. सैन्यातला माणूस, वर्षातले बरेच महिने घराबाहेर, तरी लेकीने सांगितल्यावर ऐकून घेतो. आमच्या घरी माझे वडील सैन्यात होते. सुट्टीवर आलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, असा घरात अलिखित नियम असतो. एमिली तो नियम मोडते म्हणून मला ती धाडसी वाटते.

पिंपळपार

हॅनाच्या मैत्रिणीवर, मोनावर, अजून कोणी बोललंच नाही?

मी कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत कामं केली आहेत. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून दुसऱ्या कॉलेजांच्या एकांकिका बघण्यात पावसाळे गेले, त्यामुळे मी मालिकेत आधी नट बघतो आणि मग गोष्ट. जॅनेल पॅरिशने मोना केली आहे. १९ मार्च २०१२ चा भाग, दुसऱ्या सिझनचा शेवट, तो फक्त तिच्यासाठी परत लावा. स्पेन्सरला 'ए'ची खोली सापडते, 'ए' म्हणजे मोनाच अशी ओळख पटते, आणि शुद्धीवर येते तेव्हा गाडी मोना चालवत असते. त्याआधी दोन सिझन आपण मोनाला लाडिक बोलणारी, कपडे आणि बूट यांपलीकडे न बघणारी मुलगी म्हणून बघितलेलं असतं. गाडीत ती लाडिक मुलगी एका झटक्यात नाहीशी होत नाही. आवाज चढतो, मध्येच हसू येतं, आणि हॅनाचा विषय निघाला की ती रुसलेल्या लहान मुलीसारखी होते. नवीन नट इथे 'आता मी खलनायिका' म्हणून भुवया वर करतो. पॅरिशने जुन्या मोनाच्याच आवाजात नवी मोना बसवली.

आणि कारण बघा. ॲलिसन असताना मोना म्हणजे चष्मा लावलेली, दोन वेण्यांची, सगळ्यांनी टिंगल करायची मुलगी. ॲलिसन गेल्यावर मोना आणि हॅना एकमेकींना घडवतात, शाळेत मान मिळवतात. मग मृतदेह सापडतो, जुन्या चौघी पुन्हा एकत्र येतात आणि हॅना मोनापासून तुटते. मोना हे सगळं करते ते मैत्रीण परत हवी म्हणून! वारसाहक्काचं भांडण नाही, पैसा नाही. सोळा-सतरा वर्षांच्या वयात मैत्रीण तुटणं ही जगबुडी असते हे लिहिणाऱ्यांना बरोबर कळलेलं होतं. तिथेच मालिका थांबली असती तर आज आपण तिचं नाव आदराने घेतलं असतं.

मध्यरात्र

रानजाईताई, एझ्राबद्दल डोकं शांत ठेवायचंय म्हणालात म्हणून मी आधीच लिहिते. मी एरिया-एझ्राची चाहती आहे. अकरावीत असताना फर्ग्युसन रस्त्यावर मैत्रिणींबरोबर बसून आम्ही याच जोडीबद्दल तासन्‌तास बोलायचो. ते दोघं भेटले तेव्हा तो तिचा शिक्षक आहे हे तिला माहीत नव्हतं. तो तिच्याशी पुस्तकांबद्दल बोलतो, तिचं लिखाण मनापासून वाचतो. तिच्या घरात तेव्हा तिचं ऐकणारं कोणी नव्हतं. शेवटच्या भागात दोघांचं लग्न होतं तेव्हा मी रडले. गोष्टीतल्या प्रेमाला गोष्ट म्हणून बघायला काय हरकत आहे?

रानजाई

मध्यरात्र, तू मोकळेपणाने लिहिलंस हे छान केलंस, कारण माझ्या लेकीचंही अगदी हेच म्हणणं होतं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

ही जोडी आपल्याला डोळ्यांना बरी का दिसते? एरिया झालेली लूसी हेल १९८९ सालची आणि एझ्रा झालेला इयन हार्डिंग १९८६ सालचा. मालिका सुरू झाली तेव्हा ती विशीत, तो तिच्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठा. पडद्यावर दिसतं ते दोन तरुण माणसांचं प्रेम. गोष्टीत मात्र ती शाळेत जाणारी सोळा वर्षांची मुलगी आणि तो तिच्या वर्गावर इंग्रजी शिकवणारा, तिचे पेपर तपासणारा माणूस. खरोखरच्या सोळा वर्षांच्या मुलीला त्या भूमिकेत उभं केलं असतं तर पहिल्याच चुंबनाला तू टीव्ही बंद केला असतास का नाही, सांग.

ॲलिसनकडे बघून हे जास्त कळतं. साशा पीटर्स १९९६ ची, ट्रोयन बेलिसारिओ, म्हणजे आपली स्पेन्सर, १९८५ ची. गोष्टीत दोघी एका वर्गात! पहिल्या सिझनमधल्या ॲलिसनच्या आठवणींच्या प्रसंगांत साशा खरंच कोवळी दिसते. तिच्याशी मोठे पुरुष लगट करताना दिसले की अंगावर काटा येतो, आणि एरियाच्या बाबतीत तो येत नाही. फरक नटांच्या वयाचा आहे.

आणि चौथ्या सिझनचं काय? एझ्रा ॲलिसनवर पुस्तक लिहीत होता. एरिया कोण आहे हे त्याला पहिल्या भेटीच्या आधीपासून ठाऊक होतं. तिला वाटत होतं की आपली गाठ योगायोगाने पडली. त्याच्यासाठी ती माहिती मिळवायचं साधन होती. एवढं सगळं उघडं पाडल्यावर लिहिणाऱ्यांनी त्याला गोळी लागल्याचं दाखवून सहानुभूती मिळवून दिली आणि तीन सिझनांनी लग्न लावलं. मला मालिकेतली सगळ्यात मोठी फसवणूक ही वाटते, 'ए'च्या कुठल्याही मेसेजपेक्षा मोठी.

एरियाचं वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिचे वडील बायरन कॉलेजात शिकवतात आणि मेरेडिथ नावाच्या विद्यार्थिनीशी त्यांचं प्रकरण असतं. एरिया ते बघते, आणि वडील तिला सांगतात की आईला बोलू नकोस. मग सगळं कुटुंब आइसलँडला वर्षभर राहून येतं आणि ही पोरगी ते ओझं घेऊन हिंडत असते. म्हणजे तिचं पहिलं गुपित तिचं नाहीच, बापाचं आहे. शिकवणारा पुरुष आणि विद्यार्थिनी यांचं नातं लपवून ठेवायचं असतं हा धडा तिला घरातच मिळाला. पुढे ती एझ्राला लपवते यात नवल कसलं!

काळाकोट

शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो, त्यामुळे राहवत नाही. अमेरिकेत संमतीचं वय राज्याराज्यांत वेगळं आहे, त्यात शिरत नाही. पण हा धागा इथल्या मुली आणि त्यांचे पालक वाचतायत म्हणून आपला कायदा सांगतो. पॉक्सो, २०१२ चा. अठरा पूर्ण न झालेली व्यक्ती बालक. बालकाची संमती कायदा संमती धरत नाही, मग ते कितीही 'खरं प्रेम' असो. शैक्षणिक संस्थेतल्या माणसाने तिथल्याच बालकावर अत्याचार केला तर तो जास्त गंभीर प्रकार मानला जातो आणि शिक्षाही वाढते. कलम १९ नुसार असा प्रकार माहीत झालेल्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेचे मुख्याध्यापक किंवा क्लासचे चालक 'आपण आपसात मिटवू' म्हणाले तर तेही अडचणीत येतात.

एरियाच्या आईवडिलांना दुसऱ्या सिझनमध्ये कळतं. आरडाओरडा होतो आणि प्रकरण चार भिंतींतच राहतं. असे आईवडील माझ्यासमोर खुर्चीत बसलेले मी बघितले आहेत. पहिला प्रश्न एकच असतो: नाव बाहेर येईल का? पीडित मुलीची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, हे सांगितलं की मग ते पुढचं बोलायला लागतात.

मध्यरात्र

काळाकोट, माहितीबद्दल आभार. पुस्तकाची गोष्ट मलाही पटली नव्हती, तो भाग मी परत कधी बघितला नाही. पण ताई, त्याचं आधी ॲलिसनशी जमलं होतं तेव्हा तिने त्याला आपलं वय खोटं सांगितलं होतं आणि तो तिला कॉलेजातली समजत होता, हेही लिहायला हवं. आणि मालिका आवडणाऱ्या आम्हा मुलींना काही कळत नव्हतं असं कोणी म्हणू नका. आम्हाला हवं होतं ते आपलं लिखाण गांभीर्याने वाचणारं कोणीतरी. ते एझ्राच्या रूपात दिसलं म्हणून तो आवडला.

सोनसावर

मध्यरात्रचं शेवटचं वाक्य फार खरं आहे. मी मराठी शिकवते, आठवी ते दहावी. वहीच्या मागच्या पानावर कविता लिहून 'मॅडम वाचा ना' म्हणणाऱ्या मुली दर वर्षी असतात. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला की त्या हिरमुसतात. घरात कोणी वाचत नाही, कारण गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही. एझ्रासारखा माणूस बरोबर त्याच जागी येऊन बसतो.

लेखनिक

जेनाबद्दल लिहायचं आहे. मी परीक्षांच्या काळात दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा लेखनिक म्हणून जातो, विद्यार्थी सांगतात आणि मी उत्तरपत्रिका लिहितो. त्यामुळे जेनाचं पात्र बघताना मला सतत टोचत राहिलं.

सुरुवात जबरदस्त आहे. ॲलिसनने शेडमध्ये फटाका टाकला, आत जेना होती, तिचे डोळे गेले. दोष जेनाच्या सावत्र भावावर, टोबीवर ढकलला गेला, कारण ॲलिसनकडे त्याचं गुपित होतं. ते गुपित काय, तर जेनाच टोबीचं लैंगिक शोषण करत होती. एवढी गुंतागुंतीची मुलगी मी तरुणांच्या मालिकेत दुसरी बघितली नाही. तिच्यावर भयंकर अन्याय झाला आणि तिने स्वतःही दुसऱ्यावर भयंकर अन्याय केला. दोन्ही एकदम खरं.

पण नंतर तिचं काय केलं? काळा चष्मा, पांढरी काठी, बासरी. ती कोपऱ्यात नुसती उभी राहिली की भीतीचं संगीत. मग शस्त्रक्रिया होऊन एका डोळ्याला दिसायला लागतं आणि ती अंध असल्याचं सोंग करत राहते. शेवटच्या भागात खोट्या स्पेन्सरला, म्हणजे तिच्या जुळ्या बहिणीला, ती वासावरून ओळखते. म्हणजे एकदा अंधत्व भीती घालायला वापरलं, एकदा सोंग म्हणून आणि एकदा चमत्कार म्हणून. मी ज्यांच्याबरोबर बसतो त्या मुली इतिहासाच्या पेपरात सनावळी आठवत असतात आणि प्रश्नाला किती गुण आहेत ते विचारून उत्तर लांबवतात किंवा आवरतं घेतात. मला अशी जेना बघायची होती. गणिताला घाबरणारी, काठी विसरल्यावर चिडणारी, आणि तरीही टोबीची गुन्हेगार असलेली.

टोबीबद्दल एक. मुलगा शोषणाला बळी पडू शकतो हे २०१० मध्ये तरुणांच्या मालिकेने दाखवलं याचं कौतुक करायलाच हवं. पण दाखवल्यावर त्याला त्याविषयी बोलायला वेळच दिला नाही. थेट स्पेन्सरचा प्रियकर करून टाकला.

मुळाकाठ

लेखनिक, अगदी. टोबीबद्दल हे कोणी बोलतच नाही.

पेठेतला

ॲलिसन खलनायिका आहे की नाही, यावर मत द्या कोणीतरी. माझ्या बायकोच्या मते सगळ्या मालिकेतली तीच एक वाईट. जिवंत परत आल्यावर तिला एकदम दुःखी, बिचारी करून टाकलं ते मला पचलं नाही.

पिंपळपार

पेठेतला, वहिनींशी मी निम्मा सहमत. जिवंत सापडेपर्यंतची ॲलिसन फक्त दुसऱ्यांच्या आठवणींत दिसते. हॅनाच्या आठवणीत ती टोमणे मारणारी, एमिलीच्या आठवणीत हळवी, मोनाच्या आठवणीत राक्षसीण. हे लिखाण उत्तम आहे, कारण मेलेल्या माणसाबद्दल चार जणांकडे विचारलं तर चार वेगळी माणसं ऐकायला मिळतात. ती खरोखर परत आली आणि ते संपलं. नंतर लिहिणाऱ्यांना तिचं काय करावं हेच कळेना.

रानजाई

शार्लटबद्दल कोणीच लिहीत नाहीये, म्हणून मी लिहिते. ११ ऑगस्ट २०१५ चा भाग. मोनानंतरचा मोठा 'ए' म्हणजे सीसी ड्रेक, म्हणजे शार्लट, जन्माने चार्ल्स, ॲलिसनच्या घरातलं मोठं लेकरू. मुलींचे कपडे घालावेसे वाटणाऱ्या मुलाला बापाने मनोरुग्णालयात टाकलं आणि घरातून त्याचं नाव पुसलं. धाकट्या भावंडांना तो असल्याचंही धड माहीत नाही. तेव्हा अनेकांनी टीका केली की मालिकेतलं एकमेव ट्रान्स पात्र तुम्ही छळ करणारी खलनायिका म्हणून दाखवता. मला ती टीका पूर्ण पटते. बालपणापासूनची ती कहाणी एका भागात, घाईघाईने, सगळे धागे जुळवायचे म्हणून उरकली. तिला आधीपासून, सावकाश, माणूस म्हणून उभं केलं असतं तर निदान बापाकडे बोट गेलं असतं. केनेथ डिलॉरेंटिसला या मालिकेत काहीही शिक्षा होत नाही.

आता त्या रात्रीचा हिशेब मांडते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. ॲलिसन गायब झाली त्या रात्री दोन मुली पुरल्या गेल्या.

पहिली ॲलिसन. शार्लटने तिला बेथनी, म्हणजे मनोरुग्णालयातली दुसरी मुलगी, समजून दगड मारला. आई जेसिका डिलॉरेंटिस खिडकीतून बघते, खाली येते. ॲलिसन मेली असं तिला वाटतं. डॉक्टर नाही, ॲम्ब्युलन्स नाही. एका लेकराला वाचवायचं म्हणून दुसऱ्या लेकरावर अंगणात माती लोटते. आणि ॲलिसन जिवंत होती.

दुसरी बेथनी यंग, जिचा मृतदेह वर्षभराने सापडतो. तिच्यावर फावड्याचा घाव मोनाने घातला, ॲलिसन समजून. पुरलं कोणी? स्पेन्सरच्या बहिणीने, मेलिसाने. तिला वाटलं हे स्पेन्सरच्या हातून झालं, तिला वाचवायला हवं. आणि बेथनीही जिवंत होती.

मेलिसाने त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी बहिणीला एकदा जरी विचारलं असतं, की 'तू हे केलंस का?' जेसिकाने जवळ बसून नाडी बघितली असती. दोन्ही घरं शिकलेली, पैसेवाली, गावात मान असलेली. दोन्ही घरांत सगळ्यात आधी सुचलं ते झाकायचं. 'ए'चा जन्म मला त्या अंगणात दिसतो. मुलींनी गुप्तता पाळायला फोनवरच्या मेसेजमधून शिकलं नाही, मोठ्यांना बघून शिकलं.

पेठेतला

रानजाई, हे वाचून सुन्न झालो. मी पेठेतल्या वाड्यात वाढलो. चौकातल्या नळावर कोणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक, पण कोणाच्या घरात कोण मार खातंय ते ठाऊक असूनही कोणी बोलायचं नाही. रोझवूडमध्ये मला आमचा वाडा दिसला.

सोनसावर

याला जोडून एक. आमच्या भागातल्या मुलांनी इन्स्टाग्रामवर निनावी पान काढलं होतं, कोणाचं कोणाशी जमलंय, कोण कॉपी करताना सापडलं, असलं सगळं त्यावर यायचं. एका मुलीबद्दल धडधडीत खोटं छापलं गेलं. ती क्लासला यायची बंद झाली. आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, मुलगी सांगते पोट दुखतंय. मुलीने तोंड उघडलं ते आजीजवळ, आणि मग आजी तिला घेऊन पोलीस चौकीत गेली. आजी नऊवारीत, हातात नातीचा फोन. पान दोन दिवसांत बंद झालं. या मालिकेत एकही आजी अशी नाही, आणि चार मुलींपैकी एकीलाही वाटत नाही की मोठ्यांपैकी कोणाला तरी धरून सरळ पोलिसात जावं. अर्थात पोलीसही कसले, तर वाइल्डन आणि गॅरेटसारखे, स्वतःच लपवाछपवीत अडकलेले!

काळाकोट

आजीबाईंना नमस्कार सांगा. लहान मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे, चोवीस तास. पोलिसात जायची भीती वाटत असेल तर मुलं स्वतःही तिथे फोन करू शकतात.

मध्यरात्र

शेवटाबद्दल बोलूया का? ॲलेक्स ड्रेक! स्पेन्सरची जुळी बहीण, इंग्लंडमध्ये वाढलेली, शेवटच्या भागात उगवते. ट्रोयनने दोन्ही कामं सुंदर केली, पण सात वर्षं बघितल्यावर ज्या माणसाला आपण कधी ओळखतच नव्हतो तो गुन्हेगार निघाला तर कोडं सोडवायचं कसं?

पिंपळपार

सोडवायचंच नव्हतं, असं शेवटी वाटतं. जुळ्यांचं सूत्र मूळ पुस्तकांतही आहे, पण तिथे ते ॲलिसनचं आहे आणि गोष्टीच्या मुळाशी आहे. इथे टोपीतून काढलं. माझ्यासाठी शेवटच्या भागातली एकच जागा जमली. मोना पॅरिसमध्ये बाहुल्यांचं दुकान चालवते आणि तळघरात ॲलेक्स आणि तिची आई मेरी ड्रेक यांना कोंडून ठेवलंय. सुरुवातीला जिला कोणी खेळात घेत नव्हतं तिच्याकडे स्वतःचं बाहुलीघर आलं. पात्राशी प्रामाणिक असलेला शेवट फक्त तिला मिळाला.

रानजाई

मोनाचा शेवट मला बघायला आवडला, पण तिच्यासाठी वाईटही वाटलं. तिला बरं करायची कोणालाच इच्छा नव्हती. रॅडली मनोरुग्णालयात टाकली, बाहेर काढली, वापरली. हॅनाने मात्र तिला पूर्ण टाकलं नाही. तिथे भेटायला जाणारी हॅनाच होती. म्हणून चौघींत सगळ्यात मोठ्या मनाची मला हॅना वाटते. एमिली लाडकी, पण मैत्रीण म्हणून निवडायची झाली तर हॅना.

मुळाकाठ

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, वर्गातल्या सगळ्या बघतात म्हणून मागे लागली आहे. दाखवू का? आणि दाखवली तर कुठून कुठपर्यंत?

रानजाई

मुळाकाठ, एकटीला फोनवर बघायला देऊ नका. पहिले दोन सिझन शेजारी बसून बघा आणि मोनाच्या त्या भागापाशी थांबा, गोष्ट तिथे बरीच पूर्ण होते. हॅनाचं खाणं आणि उलट्यांचे प्रसंग येतील तेव्हा पुढे पळवू नका, पण मुलगी जेवणावरून आधीच कुढत असेल तर सध्या मालिकाच राहू द्या. एझ्रा आला की तिचं मत विचारा आणि ती बोलत असताना मध्ये तोडू नका, माझ्याकडे नेमकं तिथेच भांडण व्हायचं. तिसऱ्यापासून पुढचं दहावीनंतर.

मध्यरात्र

आणि मुळाकाठ, तिला एझ्रा आवडला तर रागावू नका. चौथा सिझन बघेल तेव्हा माझ्याशी बोलायला सांगा, मी इथेच आहे.